फोनशिवाय भागतं, नंबरशिवाय अडतं

मोबाइलशिवाय आज आरामात जगता येतं का, असा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "पूर्वी कुठे होते मोबाइल? लोक जगतच होते की!" हे खरंच आहे. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीतल्या दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. पुढची कित्येक वर्षं मोबाइल ही चैनच होती, येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि मग तो रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या हातात आला. आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी मोबाइलशिवायचं आयुष्य स्वतः जगलेलं आहे.

पण या उत्तरात एक मोठी गोष्ट सुटते. मोबाइल नव्हता तेव्हा त्याची कामं करणारी माणसं आणि सोयी होत्या. नाक्यावर एसटीडी-पीसीओचा बूथ होता. तातडीचा निरोप असेल तर तार होती. शेजारच्या घरी लँडलाइन असायची आणि "तुमचा फोन आलाय" अशी खिडकीतून हाक यायची. बँकेत पासबुक भरून देणारा कारकून होता. रेल्वेच्या आरक्षण खिडकीपुढे लांब रांग असायची, पण त्या रांगेत सगळ्यांना नियम सारखे होते. आता बूथ जवळजवळ दिसेनासे झाले, तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, बँकेच्या काउंटरवरची माणसं कमी झाली. त्यामुळे आज जो मोबाइल ठेवत नाही, त्याला १९९० सालचं आयुष्य परत मिळत नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे असं गृहीत धरून उभारलेल्या जगात त्याला फोनशिवाय वावरावं लागतं. किती अडेल, कुठे अडेल हे यावरून ठरतं.

एका यंत्राची तीन कामं

आपण ज्याला मोबाइल म्हणतो तो खरं तर तीन निराळी कामं करतो.

पहिलं काम बोलण्याचं, निरोपांचं, करमणुकीचं, रस्ता शोधण्याचं. यातलं जवळपास सगळं सोडता येतं. गैरसोय होते, पण अडून बसत नाही. रस्ता विचारता येतो, एसटीची वेळ स्थानकावरच्या चौकशी खिडकीत कळते, बातम्या पेपरात असतात, घरात लँडलाइन असेल तर "पोचलो" एवढं सांगता येतं. मोबाइलचं व्यसन म्हणून जे काही बोललं जातं ते सगळं याच कामाभोवतीचं आहे, आणि म्हणूनच मोबाइल सोडण्याची चर्चा बहुतेक वेळा इथेच सुरू होऊन इथेच संपते. माझ्या मते हा या प्रश्नाचा सगळ्यात हलका भाग आहे.

दुसरं काम पाकिटाचं. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं आणि दहा वर्षांच्या आत "सुट्टे नाहीत, स्कॅन करा" हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू यायला लागलं. तरी रोख अजून चालते. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ नुसार नोट हे कायदेशीर चलन आहे आणि किराणा, भाजी, एसटी, रिक्षा, गावातला दवाखाना यांत तुम्हाला कोणी परत पाठवणार नाही. मात्र रोखीवर राहणं हळूहळू महाग होतं आहे. टोलनाक्याचंच बघा: फास्टॅग नसेल किंवा चालत नसेल, तर राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट टोल आणि यूपीआयने सव्वापट, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून आला. गाडी तीच आणि रस्ताही तोच.

तिसरं काम म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करणं. पूर्वी हे काम सही करायची, अंगठा करायचा, ओळखीचा माणूस करायचा. आता ते ओटीपी करतो. खरी अडचण इथे आहे, म्हणून यावर थोडं थांबू.

ओटीपीमागचं गणित

एखाद्या माणसाची ओळख यंत्राला तीन प्रकारे पटवता येते. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवरून, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. त्याच्याजवळ असलेल्या वस्तूवरून, म्हणजे कार्ड किंवा फोन. आणि त्याच्या शरीरावरून, म्हणजे बोटाचा ठसा, बुबुळ किंवा चेहरा. यातला एकच पुरावा पुरेसा मानला तर चोराचं काम सोपं होतं. म्हणून दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे मागायचे, अशी पद्धत जगभर रूढ झाली. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना असा दुसरा पुरावा घेणं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीचं केलं. तो निर्णय चांगला होता. त्यामुळे नुसता कार्डाचा नंबर चोरून खातं रिकामं करणं पुष्कळ अवघड झालं.

हा दुसरा पुरावा एसएमएसनेच घ्या, असं मात्र रिझर्व्ह बँकेने कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक ग्राहकाला वेगळं यंत्र देण्यापेक्षा त्याच्या खिशात आधीच असलेला फोन वापरणं बँकांना स्वस्त पडलं. बँकेचा संगणक बहुधा सहा आकड्यांची एक संख्या तयार करतो, खात्याला जोडलेल्या नंबरवर पाठवतो, ग्राहकाने ती काही मिनिटांत परत टाकायची. संख्या जुळली की बँक धरून चालते: ज्याच्या हातात हे सिम आहे, तोच खातेदार.

एवढं एक गृहीत धरलं आणि त्यावर केवढी तरी इमारत उभी राहिली. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये फसवणुकीपासून ग्राहकांना संरक्षण देणारं परिपत्रक काढलं. फसवणूक लगेच कळवली तर ग्राहकाचं नुकसान बँकेने सोसायचं, हा त्यातला फार मोलाचा भाग. पण त्याच परिपत्रकात हेही आहे की जो ग्राहक मोबाइल नंबर देत नाही त्याला एटीएममधून रोख काढण्यापलीकडची इलेक्ट्रॉनिक सेवा बँकेने देऊ नये. पुढे एटीएमलाही फोन चिकटला. स्टेट बँकेच्या एटीएममधून १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त काढायचे असतील तर २०२० पासून ओटीपी लागतो. कार्ड आणि पिन दोन्ही जवळ असलं तरी.

आता थोडी हालचाल आहे. एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत दुसरा पुरावा म्हणून एसएमएसशिवाय इतर मार्ग वापरण्याला बँकांना स्पष्ट वाट दिली आहे. पण बँका त्यासाठी मुख्यतः स्वतःच्या ॲपकडे वळल्या, तर साधा फोन पुरत होता तिथे स्मार्टफोन लागेल. ज्याच्याकडे फोनच नाही, त्याच्या हाती यातून काही पडणार नाही.

बँकेइतकाच दुसरा खांब आधारचा. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. नोंदणीच्या अर्जात मोबाइल नंबर ऐच्छिक होता आणि आजही आहे. ओळख पटवायला बोटाचे ठसे आणि बुबुळं घेतलेली असतात, मग नंबर कशाला? पण घरबसल्या काम करायचं तर ठसा घेणारं यंत्र प्रत्येकाकडे नसतं, म्हणून आधारचाही ओटीपी आला. मग डिजीलॉकर उघडायला तो, आयकर विवरणपत्राची पडताळणी करायला तो, सरकारी योजनेच्या ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीला, तो. ऐच्छिक असलेला रकाना अशा रीतीने नकळत सक्तीचा झाला. कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही की नागरिकाकडे मोबाइल असलाच पाहिजे. तरी एकेक अर्ज, एकेक पोर्टल करत आपण तिथे पोचलो.

यंत्र कोणाच्या हातात आहे?

मोबाइल नसलेल्या माणसाचं कुठलं काम होतं आणि कुठलं अडतं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. ओळख पटवणारं यंत्र कोणाच्या हातात आहे ते बघायचं.

रेशन दुकानात ठसा घेणारं ई-पॉस यंत्र दुकानदाराकडे असतं. तुम्ही रिकाम्या हाताने गेलात, बोट टेकवलं, की धान्य मिळतं. फोनचा संबंध नाही. कष्टाच्या कामाने ठसे झिजलेल्या मजुरांची आणि म्हाताऱ्या माणसांची तिथे परवड होते हे खरं, पण ती अडचण वेगळी. गावातल्या बँक मित्राकडेही, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडेही, हेच: आधार जोडलेलं खातं असेल तर त्याच्या यंत्रावर बोट टेकवून पैसे काढता येतात. एसटीत तिकिटाचं यंत्र कंडक्टरच्या गळ्यात असतं. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांचा मोफत प्रवास असो की महिलांची अर्धी तिकीट सवलत, फोन लागत नाही. मतदानाला फोन लागत नाही. सरकारी दवाखान्यात केस पेपर काढून डॉक्टरांना भेटता येतं. अंगठ्याच्या या पद्धतीतही चोऱ्या झाल्या आहेत, रबरी ठसे बनवून लोकांचे पैसे काढले गेले आहेत, म्हणून ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण या सगळ्या ठिकाणी यंत्र विकत घेण्याचा, चार्ज करण्याचा, रिचार्ज मारण्याचा भार सेवा देणाऱ्यावर आहे.

आता उलट बाजू बघा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायचे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढून नोंद करायची. कल्पना वाईट नाही. तलाठी चावडीत बसूनच नोंदी लावतात ही तक्रार जुनीच होती, आणि आपल्या पिकाची नोंद आपण करणं यात मानही आहे. पण त्या नोंदीवर नुकसानभरपाई, हमीभावाने खरेदी असं बरंच अवलंबून असतं. स्मार्टफोन नसलेल्या शेतकऱ्यासाठी गावपातळीवर सहायक नेमलेले असतात, ते राहिलेल्या नोंदी करतात. म्हणजे सोय आहे, पण ती शेवटी येते, आणि सहायक येईपर्यंत थांबायचं असतं.

याच वाटेने रेल्वेही चालली आहे. आरक्षण खिडकी ही मोबाइल नसलेल्यांची हक्काची जागा होती. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारचा ओटीपी लागू झाला. त्याच वेळी रेल्वेने खिडकीवरच्या तत्काळ तिकिटालाही ओटीपी जोडायचं जाहीर केलं. दलालांना आळा घालायचा हा हेतू योग्यच आहे, सामान्य प्रवाशाला तत्काळ तिकीट मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खिडकीपाशी ओळखपत्र हातात घेऊन प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसालाही फोन लागणार असेल, तर खिडकी ठेवली कशासाठी?

उसना फोन

मोबाइल नसलेली माणसं प्रत्यक्षात कशी जगतात याचं उत्तर एका शब्दात देता येतं: उसन्यावर. मुलाचा नंबर, पुतण्याचा नंबर, सेतू केंद्रवाल्याचा नंबर, क्वचित दुकानदाराचा. आधारला एकाचा, बँकेला दुसऱ्याचा, गॅसला तिसऱ्याचा. मोबाइलशिवाय आरामात जगणारे म्हणून ज्यांच्याकडे आपण कौतुकाने बघतो, त्यांच्यामागे बहुधा फोन असलेलं कोणीतरी उभं असतं. आराम किती, हे त्या माणसाच्या स्वभावावर आणि सवडीवर ठरतं.

यात बायकांची संख्या मोठी आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरते असा मोबाइल असल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण देशात ५४ टक्के निघालं. महाराष्ट्राचा आकडा त्याच्या आसपासच होता, तर गोव्यात तो ९० टक्क्यांच्या वर होता. तेव्हापासून परिस्थिती सुधारली असेलच. तरीही घरात एक फोन आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, हे चित्र आपल्या गावांत आणि शहरांच्या वस्त्यांत आजही आहे.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत ते उघडं पडलं. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत दरमहा १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात जमा होतात. तिच्या नावावर, तिच्या खात्यात, हेच तिचं मोठं बळ. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ई-केवायसी आवश्यक केली. त्यात आधी तिच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, मग पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. अपात्र नावं गाळायला पडताळणी हवी हे मान्य. पण जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही नाहीत, तिने कोणाचा ओटीपी आणायचा? जिला नवऱ्याने टाकलं आहे, तिने त्याच्याकडे जाऊन आकडा मागायचा? मुदत वाढवावी लागली, आणि अशा स्त्रियांसाठी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करावी लागली. अंगणवाडी सेविका गावातल्या प्रत्येक घराला ओळखते. ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

उसन्या नंबरात आणखी काय जातं ते बघा. बँकेचे सगळे संदेश त्या नंबरवर जातात. आजीच्या खात्यात पेन्शन किती जमा झाली, तिने किती काढले, हे आधी नातवाला कळतं. बाईने माहेरच्या अडचणीसाठी हजार रुपये काढले तर ते नवऱ्याच्या फोनवर वाजतं. नातू भला असेल, नवरा समजूतदार असेल, तर काही बिघडत नाही. पण घराची किल्ली कायमची शेजाऱ्याकडे ठेवायची आणि शेजारी चांगला निघेल अशी आशा करायची, ही काही सुरक्षितता नव्हे. ज्येष्ठांच्या पैशाची अफरातफर नेहमी अनोळखी भामटेच करतात असं नाही.

आणि तो उसना नंबरही टिकेलच असं नाही. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात शिल्लक नसली तर ते बंद होऊ शकतं. बंद झालेला नंबर काही काळानंतर दुसऱ्या कोणाला दिला जातो. म्हणजे पुतण्याने कंपनी बदलताना जुनं सिम टाकून दिलं, तर काकूच्या खात्याचे संदेश काही महिन्यांनी एखाद्या परक्या गावातल्या परक्या माणसाकडे जायला लागतील. काकूला याचा पत्ताही नसेल. नंबर ही आपली मालमत्ता नसते, ती रिचार्ज चालू असेपर्यंतची भाड्याची वस्तू आहे. आणि आपण आपली ओळख त्या भाड्याच्या वस्तूला बांधून ठेवली आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात याची मोठी किंमत मोजावी लागली. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा कोविन पोर्टलवर आधी नोंदणी सक्तीची होती. एका नंबरवर चार जणांची नावं घालता येत होती. स्लॉट मिनिटांत संपत. मुंबई-ठाण्याचे लोक पालघर-रायगडच्या केंद्रांवर स्लॉट मिळवून गाडीने पोचत होते आणि तिथली आदिवासी माणसं आपल्याच गावच्या केंद्रावर मागे राहत होती. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर सरकारला कडक शब्दांत विचारणा केली. जूनमध्ये थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा सगळीकडे मिळाली.

मधली वाट: साधा फोन

शहरात नोकरी करणारा, सगळं कळणारा माणूस ठरवून मोबाइल सोडू पाहतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे संगणक आहे, ईमेल आहे, कदाचित लँडलाइनही. तरी बँकेचा ओटीपी, कुरिअरवाल्याचा फोन, सोसायटीच्या गेटवरचं ॲप, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, गॅस सिलिंडर घेताना सांगायचा कोड, ऑफिसची हजेरी यांत तो रोज ठेचकाळतो. संगणकावरचं व्हॉट्सॲपसुद्धा आधी फोनला जोडावं लागतं.

पण स्मार्टफोन सोडून बटणाचा साधा फोन ठेवणं आजही चांगलं शक्य आहे. एसएमएसने येणारा ओटीपी त्यावर येतो. त्यावरून पैसेही पाठवता येतात: *९९# ची सेवा आहे, आणि मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू झालं, ज्यात फोन करून, आवाजाच्या सूचना ऐकत, यूपीआय पिन टाकून व्यवहार होतो. इंटरनेट लागत नाही. फार कमी लोकांना हे माहीत आहे. रिचार्जचा खर्च हा प्रश्न होताच, कारण डेटा नको असला तरी डेटाचाच पॅक घ्यावा लागे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला भाग पाडलं. ते आता मिळतात, वर्षभराचेही मिळतात. दुकानदार सहसा स्वतःहून सांगत नाही, मागावं लागतं.

म्हणून सरळ उत्तर द्यायचं तर असं: भारतात स्मार्टफोनशिवाय बऱ्यापैकी आरामात जगता येतं. फोनशिवाय जगता येतं, पण दगदग होते. स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या ताब्यातला नंबर नसेल, तर मात्र माणूस दुसऱ्यावर विसंबून राहतो, मग तो कितीही स्वाभिमानी असो.

दुसरीकडे काय केलं

हे सगळं असंच असायला हवं, असं नाही. एस्टोनियात २००२ पासून नागरिकांच्या ओळखपत्रातच चिप आहे. कार्ड संगणकाला जोडायचं, पिन टाकायचा, ओळख पटली. डेन्मार्कमध्ये सरकारी डिजिटल ओळखीसाठी ॲप आहेच, पण ज्याला ॲप नको त्याला आकडे दाखवणारं एक छोटं यंत्र मिळतं. कमी दिसणाऱ्यांसाठी आकडे बोलून सांगणारं यंत्रही आहे. स्पेनमध्ये २०२२ मध्ये कार्लोस सान हुआन या ७८ वर्षांच्या निवृत्त डॉक्टरांनी "मी म्हातारा आहे, मूर्ख नाही" अशी मोहीम चालवली. सहा लाखांहून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या आणि बँकांना काउंटरच्या वेळा वाढवाव्या लागल्या. नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा हक्क आणखी पक्का केला. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा प्रांताच्या मतदारांनी जून २०२३ मध्ये डिजिटल अखंडतेचा हक्क आपल्या प्रांताच्या घटनेत घातला, त्यात ऑफलाइन जगण्याचा हक्कही येतो.

आपल्याकडेही कायद्याचं पाठबळ अगदीच नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात बँक खातं आणि मोबाइल आधारला जोडण्याची सक्ती रद्द केली. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना ई-केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर पापणी लवता येत नाही म्हणून खातं नाकारलं जात होतं, त्यातून हे प्रकरण उभं राहिलं. पापणी न लवू शकणाऱ्यासाठी जर पर्यायी मार्ग द्यावा लागतो, तर फोन न परवडणाऱ्या, न दिसणाऱ्या, न झेपणाऱ्या माणसासाठीही तो द्यायला हवा. प्रत्येक ओटीपीच्या खिडकीशेजारी एक अशी खिडकी हवी जिथे यंत्र पलीकडच्या बाजूला असेल.

घरात मोबाइल न वापरणारं माणूस असेल तर

आई-वडील, आत्या, काका यांपैकी कोणी मोबाइल वापरत नसेल, तर त्यांच्या सगळ्या कागदांना तुमचा नंबर जोडायच्या मोहात पडू नका. त्यांच्याच नावावर एक सिम घ्या, बटणाच्या फोनात घाला, वर्षभराचा कॉल-एसएमएस पॅक मारा आणि फोन त्यांच्याच कपाटात बँकेच्या पासबुकाजवळ राहू द्या. रोज वापरायची गरज नाही, पण बोटाने बटण दाबून आकडा वाचता येणं पुरेसं आहे. आधारला तो नंबर जोडायला केंद्रावर जाणं झेपत नसेल तर पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन जुलै २०२१ पासून घरी येऊन आधारला मोबाइल नंबर जोडून देतात. अंगठ्यावर घरपोच रोख रक्कम देण्याची सेवाही त्यांच्याकडे आहे. ही सेवा प्रत्येक पोस्टमनकडे लगेच मिळेल असं नाही, पण पोस्टात नोंद केली तर ती मिळते.

सत्तरीवरच्या ज्येष्ठांना रोख घरी आणून देणं, घरून चेक नेणं अशा घरपोच सेवा देण्याचे प्रयत्न करावेत, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत जाऊन ही सेवा नावाने मागा. ८० वर्षांवरच्या व्यक्तींना साधं आयकर विवरणपत्र कागदावर भरता येतं. इतरांनी ऑनलाइन भरलं आणि ओटीपी जमला नाही, तर सही केलेला कागद ३० दिवसांत बंगळूरूच्या आयकर केंद्राला टपालाने पाठवून पडताळणी होते.

आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी: नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनच द्यावा लागतो असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. कागदी दाखला चालतो. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला काउंटरवर दिलात की सही-शिक्क्याची पोचपावती मागून घ्या. ती देणं बँकेला बंधनकारक आहे.